संध्याला न सांगता घेतलेला डबा

जुईनगर, ३ नोव्हेंबर २०२५

बाय,

काल संध्याकाळी तुझ्या अंगणात जे येऊन उभं राहिलं ते बघून तू काय काय बोललीस, ते माझ्या या भाच्याने, मितेशने मला शब्दन्‌शब्द सांगितलं. तुझ्या पोराची स्मरणशक्ती चांगली आहे. ती अभ्यासात वापरली असती तर आज कलेक्टर असता.

तर ऐक. तो मासळीचा टेम्पो नाही आणि आईस्क्रीमची गाडीही नाही. ती कॅम्पिंगची गाडी आहे. जीपच्या मागे हुकाला जोडायची आणि मनाला येईल तिथे नेऊन लावायची. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. आत दोघांना झोपायला जागा आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. महाप्याच्या आमच्या कंपनीतल्या हितेशने हौसेने बनवून घेतली होती, तो आता परदेशी चालला. कागदपत्रं माझ्या नावावर झाली आहेत. ओढायला मितेशची जीप आहेच, त्याला अजून विचारलेलं नाही.

संध्याला यातलं काही माहीत नाही, आणि कळता कामा नये. गॅलरीत मधमाश्यांची पेटी ठेवली होती तेव्हा काय झालं ते तुला ठाऊक आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिनेच माझ्याविरुद्ध हात वर केला. व्यायामाच्या मशीनवर अजून टॉवेल वाळतात. ही गाडी अर्धवट अवस्थेत तिच्या नजरेला पडली, तर आठ दिवसांत ओएलएक्सवर जाईल.

या वेळी तसं झालं तर मला खरंच लागेल, बाय. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. मी गॅलरीत बसतो, समोरच्या बिल्डिंगमधला माणूस त्याच्या गॅलरीत बसतो, आम्ही एकमेकांकडे बघतो. लग्नात संध्याला म्हणालो होतो, तुला सगळा कोकण किनारा दाखवीन. बत्तीस वर्षांत शिफ्ट ड्युटीपायी उरणच्या पुढे गेलो नाही. २१ डिसेंबरला लग्नाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी सगळी सजवलेली गाडी तिच्यापुढे उभी करायची. मग नाही म्हणणार नाही.

फोन करू नकोस. माझा फोन ती बघते, आणि मी फोनवर बोललो की तिसऱ्या मजल्यावरचं तळमजल्याला ऐकू जातं. तुझ्या शेजारची चंदा रोज इथल्या बाजारात मासळी घेऊन बसते. आमच्याकडची मासळी मीच आणतो. पत्र बोंबलांच्या पिशवीत खाली घालून पाठव. असा बंदोबस्त केलाय की कोणाच्या बापाला कळणार नाही.

तुझा हिरामण

---

करंजा, ६ नोव्हेंबर

हिरामण,

तुझा डबा बघितला. कोंबड्यांना फार आवडला. दोन आत जाऊन बसल्या होत्या, एकीने अंडं घातलं. ते मी खाल्लं, भाड्यात धर.

सगळी आळी येऊन बघून गेली. जयमाला विचारते, "यो काय हाय गो, यशोदे?" मी म्हटलं, भावाला बायकोने घराबाहेर काढलाय, तो राहायला येनार हाय. आता सगळ्यांना तुझी दया येते. आलास की कोणी ना कोणी जेवायला बोलवील.

एक गोष्ट तुला तुझ्या हितेशने सांगितलेली दिसत नाही. छप्पर गळतं. मी वरून दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं. तुझ्या भावजींची होडी मी वीस वर्षं सांभाळली, गळती कुठून येते ते पाणी ओतून बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. उजव्या कोपऱ्यात सांधा उघडलाय. राळ आणि तेल कढवून, कापूस भरून बुजवते. होडीला बाराशे वेळा केलंय.

संध्यापासून लपवणं मला पटत नाही. पण मजा वाटते हेही खरं, म्हणून गप्प बसते.

यशोदा

---

जुईनगर, १२ नोव्हेंबर

बाय,

राळ लावू नकोस! हात जोडतो. ती फायबरची बॉडी आहे, तिला सिलिकॉन लागतं. सोबत ट्यूब पाठवली आहे, चंदाला सांग बर्फात ठेवू नको.

बाकी सामानही हळूहळू पाठवतो. गादी मितेश आणील. दोन बर्नरची शेगडी, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, बॅटरीवरचा दिवा आणि पंखा. दिवा लावायला येईन तेव्हा मीच लावीन. तुम्ही वायरला हात लावायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, वजन. जड सामान पुढे, हुकाच्या बाजूला ठेवायचं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. मागे वजन झालं तर रस्त्यावर गाडी शेपूट हलवायला लागते आणि मग जीपला पण ओढून नेते. मी टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढली आहेत, माझं ऐक.

संध्याला थोडा संशय आलाय. काल म्हणाली, "हल्ली रोज बोंबील कशाला?" मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय.

हिरामण

---

करंजा, १७ नोव्हेंबर

हिरामण,

ट्यूब मिळाली. मोरीच्या फरशीला लावली, छान बसली. छपराला राळच लावली. चार बादल्या ओतल्या, थेंब आत नाही. आता रागावून घे.

छपरावर सुके बोंबील घातलेत. सपाट जागा, वरून ऊन, मांजर चढत नाही. असं अंगण मला जन्मात मिळालं नव्हतं. वीस तारखेनंतर काढते, तुझ्या हितेशला कळवू नकोस.

वजनाचं तू लिहिलंस ते वाचलं. तू टूलरूममध्ये होतास, मी होडीत होते. होडीचं वजन मागे ठेवतात, म्हणजे पुढची नाळ वर राहते आणि लाट आत येत नाही. म्हणून तांदळाचं पोतं, शेगडी आणि जुना नांगर मागे ठेवलाय. नांगर तुझ्या भावजींच्या होडीचा. गाडीला नांगर नको असं तू म्हणशील. ब्रेक आहे का तुझ्या डब्याला? नाही ना? मग नांगर लागतोच.

पुढच्या बाजूला हळदकुंकू लावलं आणि नारळ वाढवला. बिना नारळाची कुठलीही गोष्ट या अंगणातून बाहेर पडत नाही.

यशोदा

---

जुईनगर, १९ नोव्हेंबर

बाय,

नांगर काढ. पोतं पुढे घे. ती लाटेवर नाही, रस्त्यावर चालणार आहे. राळेबद्दल मी काही बोलत नाही, कारण गळत नाही म्हणतेस.

परवा मार्गशीर्ष लागतोय. उद्या संध्या घर धुवायला काढणार. दरवर्षीप्रमाणे मासळीची भांडी वेगळी, फ्रीज सोड्याने पुसायचा, कपाटं रिकामी. महिनाभर घरात मासळीचं नाव नाही. तुझी सगळी पत्रं मी माझ्या टूलबॉक्समध्ये, पान्यांच्या ट्रेखाली ठेवली आहेत. लग्नाच्या बत्तीस वर्षांत त्या बॉक्सला तिने बोट लावलेलं नाही. निर्धास्त राहा.

हिरामण

---

करंजा, २५ नोव्हेंबर

हिरामण,

अक्षर वेगळं दिसेल. विळीवर माझं बोट कापलं, म्हणून शेजारच्या भाग्यश्रीकडून लिहून घेते. पोरगी शिकलेली आहे, मी सांगते तसं लिहिते. आणि चंदाने निरोप दिलाय की ती काही दिवस बाजारात बसणार नाही. पत्र तुमच्या वॉचमनकडे, अंकुशकडे ठेवत जा. तिथून ती उचलील आणि माझं तिथेच ठेवील.

डब्याचं काम चाललंय. पण मला काही गोष्टी विचारायच्या आहेत, म्हणजे तशी सोय करता येईल. संध्या कोणत्या बाजूला झोपेल? तिच्या बाजूला खिडकी आहे का? तिचे गुडघे दुखतात, ती आत चढणार कशी? चहा तिला उठल्या उठल्या लागतो, तो कोण करणार? तू सगळं सामान लिहिलंस, शेगडी लिहिलीस, पाण्याचा कॅन लिहिलास, बॅटरीवरचा पंखा लिहिलास. आरसा कुठे आहे?

आणि एक. एवढा खटाटोप करतोस, तर तिला एकदा विचारून का नाही टाकत? ती नाहीच म्हणेल असं कशावरून?

यशोदा

---

जुईनगर, २९ नोव्हेंबर

बाय,

बोटाला जप. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंस का?

तुझे प्रश्न वाचून मला स्वतःची लाज वाटली. आरसा खरंच लिहिला नव्हता. आज स्टेशनजवळून घेतला, अंकुशकडे ठेवलाय. चढायला एक लाकडी पायरी करतोय, सोसायटीच्या गच्चीवर. सेक्रेटरीला सांगितलं देव्हाऱ्यासाठी आहे. खिडकी डाव्या बाजूला आहे, तीच तिची बाजू. चहा मी करीन. मला येतो. पाणी, साखर, पावडर, एवढंच ना?

विचारून का टाकत नाही म्हणतेस. भीती वाटते म्हणून. मधमाश्यांच्या वेळी ती बरोबर होती, मशीनच्या वेळीही. नेहमी तीच बरोबर असते. रिटायर झाल्यावर मला कळलं की घरात काय बोलायचं तेच मला माहीत नाही. कंपनीत मी दिवसभर बडबडायचो. घरी ती जेवायला वाढते, मी म्हणतो छान झालंय, की संपलं. वाटतं, एकदा दोघंच कुठेतरी समुद्रापाशी जाऊन बसलो तर काहीतरी सुचेल. आठ फुटांच्या डब्यात गप्प तरी किती बसणार? हे तिला तोंडावर सांगता आलं असतं तर गाडी कशाला घेतली असती?

सध्या एक बरं आहे. संध्याने भजनी मंडळ धरलंय. दुपारी जेवण झालं की जाते ती दिवेलागणीला येते. खुशीत असते. एकदा तर येताना गुणगुणत होती. मला गच्चीवर पायरी करायला मोकळं रान.

भाग्यश्रीचं अक्षर सुरेख आहे. तिला म्हणावं, तुझा नवरा भाग्यवान.

हिरामण

---

करंजा, ६ डिसेंबर

हिरामण,

तुझा निरोप भाग्यश्रीला दिला. ती म्हणाली, नवरा भाग्यवान आहे खरा, पण त्याला अजून पत्ता नाही. आम्ही दोघी खूप हसलो. का ते विचारू नकोस, बायकांचं असतं काहीतरी.

आरसा आणि पायरी पोचली. पायरी एका बाजूला जरा खाली आहे. मितेशने पाचर मारली. पडदे शिवले. हिरव्या जुन्या साडीचे, काठ खाली येतील असे. गादी जाड होती, उशीकडून दुमडत होती, ती कापून नीट केली. मसाल्याचे डबे ठेवायला फळी मारली. तुझ्या ओट्यावर मिसळणाचा डबा ठेवायलाच जागा नव्हती. हितेश काय नुसते पाव खायचा?

तांदळाचं पोतं पुढे घेतलं. तू म्हणालास ते खरं निघालं, शेपूट हलते. म्हणजे हलत असणार असं वाटतं. वारा होता त्या दिवशी.

आतली रेती झाडून काढली आहे.

यशोदा

---

जुईनगर, ११ डिसेंबर

बाय,

अंगणात उभ्या गाडीची शेपूट वाऱ्याने कशी हलेल? आणि रेती कुठून आली? तुझ्या अंगणात तर कोबा आहे. मितेशने गाडी बाहेर काढली का? त्याला फोन केला तर "मामा, रेंज नाय" म्हणून ठेवला. पोर्टवर कामाला असतो आणि रेंज नाही? मला मूर्ख समजतो का तो?

जाऊ दे. आता मुख्य काम. २१ला रविवार आहे. संध्याला करंज्याला आणायला काहीतरी कारण हवं. तू आजारी पड. फार नको, साधारण पड. तिला एक पत्र लिही, बरं वाटत नाही, येऊन जा म्हणून. तुझ्यासाठी ती लगेच निघेल. भाग्यश्रीकडूनच लिहून घे, तिच्या अक्षरावर कोणाचाही विश्वास बसेल.

मी तिला अंगणात आणतो. मग ताडपत्री ओढायची. त्यानंतर काय बोलायचं ते मी रोज गॅलरीत घोकतोय. अजून पहिलंच वाक्य जमत नाहीये.

हिरामण

---

जुईनगर, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून, २० डिसेंबर, सकाळी

अहो,

तुम्ही दूध आणायला खाली गेलात तेवढ्यात हे पत्र इथे ठेवून मी निघते. यशोदाताई ठणठणीत आहेत. बोटसुद्धा कधी कापलं नव्हतं.

हे अक्षर नीट बघा. भाग्यश्री नावाची कोणी शेजारीण करंज्यात नाही.

२० नोव्हेंबरला मी घर धुवायला काढलं. फ्रीज पुसला, कपाटं पुसली, तरी बोंबलाचा वास जाईना. वासामागून गेले तर तुमचा टूलबॉक्स. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, बत्तीस वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. पण उद्या मार्गशीर्ष लागणार आणि घरात बोंबलाचा वास, मग मी देवाचाही बॉक्स उघडला असता.

पत्रं वाचून आधी खूप चिडले. पर्स घेतली आणि डब्याची विल्हेवाट लावायला थेट उरणला गेले. ताईंच्या अंगणात तो उभा होता, पुढे हळदकुंकू, छपरावर बोंबील. आत जाऊन बसले. ताईंनी चहा आणून दिला. डाव्या बाजूच्या खिडकीतून खाडी दिसते हो. मी तासभर बसले, मग ताईंना म्हटलं, गादी उशीकडून दुमडते, कात्री द्या.

तेव्हापासून भजनी मंडळ चालू आहे. टाळ मात्र कोणी वाजवत नाही. दोन वेळा मितेशने आम्हाला पीरवाडीच्या किनाऱ्यावर नेलं. पहिल्या वेळी ताईंनी नांगर मागे ठेवला होता, तेव्हा शेपूट अशी हलली की मी जीपमध्ये बसून सगळ्या देवांची नावं घेतली. दुसऱ्या वेळी तुमच्या हिशोबाने लावलं, गाडी गुपचूप मागे आली. तुम्ही बरोबर होतात. हे लिहून देते, जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.

अंकुशला मीच सांगितलं होतं. तुमची पत्रं तो माझ्याकडे द्यायचा, माझी तुमच्याकडे. चंदा मार्गशीर्षात दरवर्षी महिनाभर लेकीकडे पेणला जाते, हे आपल्या अख्ख्या सेक्टरला माहीत आहे. मासळीवाली गावात नाही आणि तरी तीच अंकुशकडे पत्रं ठेवतेय, याचं तुम्हाला एकदाही नवल वाटलं नाही.

पण मला लागलं ते दुसऱ्या गोष्टीचं. अक्षर ओळखता आलं नाही तुम्हाला. बत्तीस वर्षं वाण्याची यादी मीच लिहिते. तुम्ही ती घेता, खिशात घालता आणि दुकानात तशीच पुढे करता. एकदाही उघडून बघितली नाही. ज्या दिवशी "अक्षर सुरेख आहे" लिहिलंत, त्या दिवशी मी आधी हसले आणि मग डब्यात बसून रडले. ताई साक्षीला आहेत.

मग गप्प का बसले? कारण ती पत्रं मला हवी होती. या दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी जेवढं बोलला नाहीत, तेवढं एका पत्रात "बाय" म्हणून लिहीत होतात. गॅलरीत बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय याची मलाही भीती वाटायची, कधी बोलले नाही. थांबवलं असतं तर तुम्ही पुन्हा "छान झालंय" वर आला असता. शिवाय नवऱ्याला "तू" लिहिण्यात काय गंमत आहे ते मला या वयात कळलं. ती सवय आता सुटेल की नाही सांगता येत नाही.

काल अमावास्या झाली, महिना संपला. आज आम्ही दोघी आणि डबा पीरवाडीला आहोत. उद्या वाढदिवस तिथेच. ताई आज दुपारी मितेशबरोबर घरी परततील, असं त्या म्हणतात तरी. तुम्ही ट्रेनने उरणला या, पुढे रिक्षा करा. पहिलं वाक्य जमलं नसेल तर दुसऱ्यापासून सुरू करा.

येताना खालच्या वस्तू आणा. मीठ विसरलोय. काडेपेटी, लिंबं सहा, आलं, चहा पावडर (तुम्हीच करणार आहात), कोकम, आणि बाजारातून एक चांगलं पापलेट. बोंबील नको.

संध्या

---

जुईनगर, २० डिसेंबर, दुपारी बारा वाजता

संध्या,

हे माझं तुला पहिलं पत्र. ते मीच घेऊन येतोय, कारण मासळीच्या वाटेवर आता माझा विश्वास नाही.

दूध घेऊन वर आलो, गॅसवर ठेवलं आणि ओट्यासमोर उभ्यानेच तुझं पत्र वाचलं. मग बसून वाचलं. दूध उतू गेलं, ते पुसलं आहे. मग स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडला. तिथे सामानाबरोबर परत आलेल्या जुन्या याद्या होत्या, मागच्या बाजूला धोब्याचा हिशोब केलेल्या. सगळ्या वाचल्या. "शेंगदाणे अर्धा किलो" च्या पुढे तू कंसात लिहिलं होतंस, "भाजके नकोत, ह्यांना खोकला आहे." ती यादी २०१९ची आहे. मी ती दुकानदाराला दिली होती आणि कच्चे शेंगदाणे का दिले म्हणून त्याच्याशी भांडलो होतो.

काय लिहू? तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला, जमला नाही. चूक माझी आहे. अंकुशला मात्र खाली जाऊन भरपूर बोललो. तो म्हणाला, "काका, मॅडमना नाय बोलायची हिंमत तुमच्यात हाय का? मग माझ्यात कुटून येनार?"

तू मला "तू" म्हणत जा. मला चालेल. बायसमोर नको, ती आयुष्यभर चिडवील.

मासळीबाजारात जाऊन पापलेट घेतलं, डोळे बघून. मग वाण्याकडे गेलो. त्याने नेहमीसारखा हात पुढे केला, "काका, यादी द्या." मी नाही दिली. चष्मा लावला आणि काउंटरपाशी उभं राहून एकेक वस्तू मोठ्याने वाचून दाखवली. मागे चार माणसं खोळंबली होती. कंसातलंसुद्धा वाचलं.

निघालोच.

हिरामण